एकाच सालचे दोघे

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता आणि नाशिकची थंडी अजून हटायला तयार नव्हती. गोल्फ क्लबच्या मैदानाला फेऱ्या मारणारे लोक कानटोप्या घालूनच चालत होते. मामा नेटच्या मागच्या कट्ट्यावर बसून एका पोराच्या बॅटची ग्रिप बदलत होते. जुनी ग्रिप ब्लेडने उभी चिरून काढली, दांडीवरचा दोऱ्याचा पीळ अंगठ्याने चाचपला, एका जागी सुटलेल्या दोऱ्यावर गोंदाचं बोट फिरवलं. मग लाकडी कोनावर चढवलेली नवी रबरी ग्रिप हळूहळू दांडीवर सरकवली. पंचाहत्तरीला आलेल्या त्या बोटांची एकही हालचाल वाया जात नव्हती.

मी त्यांच्याशी भांडायलाच आले होते. त्यांच्याकडे डावखुरी फिरकी टाकणारा एक मुलगा सराव करतो. तोच माझ्याकडे बारावीच्या वर्गात आहे. मी ज्युनिअर कॉलेजात संस्कृत शिकवते. सोमवारपासून बोर्डाची हॉल तिकिटं वाटली जात होती आणि तो तिकडे फिरकलाच नव्हता. बाकीच्या मुलांकडून कळलं, यंदा तो परीक्षेला बसणार नाही. निवडीचे सामने तोंडावर आले आहेत, एकोणीस वर्षांखालच्या संघासाठी त्याचं हे शेवटचं वर्ष आहे, परीक्षा काय पुढच्या वर्षीही देता येईल. हा हिशेब त्याचा होता आणि मामांनी त्याला मान डोलावली होती.

मी : मामा, तुम्ही त्याला अडवलं का नाहीत?

मामा : कशाला अडवू? त्याचे वडील टेम्पो चालवतात. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात. त्याच्याकडे एकच गोष्ट आहे, त्याचा चेंडू टप्प्यावर क्षणभर थांबतो आणि मग वळतो. हे मी त्याला शिकवलेलं नाही, कुणालाच शिकवता येत नाही. या गोष्टीला चार-पाच वर्षंच गिऱ्हाईक असतं गं. पुस्तक पन्नाशीतही उघडता येतं.

मी : प्रोफेसर देवधरांनी दोन्ही केलंच की. आयुष्यभर केलं.

मामांनी बॅट मांडीवरून खाली ठेवली.

मामा : देवधरांचं नाव त्या पोराला सांगू नकोस. देवधर मला तुझ्यापेक्षा जास्त प्रिय आहेत, म्हणून म्हणतो. त्यांचं नाव घेऊन त्याला शाळेत ढकलशील आणि त्याला वाटेल, आपल्यातच काहीतरी कमी आहे.

देवधरांवर मामांचं किती प्रेम आहे ते मी लहानपणापासून पाहत आले आहे. दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म पुण्यातला, १४ जानेवारी १८९२ चा. सर परशुरामभाऊ महाविद्यालयात, म्हणजे आपल्या एस. पी.त, ते संस्कृतचे प्राध्यापक होते. १९११ ला सुरू झालेला त्यांचा प्रथम दर्जाचा क्रिकेट-संसार तीन दशकांहून मोठा. पहिलं महायुद्ध व्हायचं होतं तेव्हा ते मैदानावर आले आणि दुसरं संपल्यावर उतरले. आकडे मामांना पाठ होते आणि ते सांगताना आवाज बदलायचा.

मामा : डिसेंबर १९२६. गिलिगनचा एमसीसी संघ हिंदुस्थानात आलेला. मुंबईच्या जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ काढल्या. आपले लोक इंग्रजांशी बरोबरीने खेळू शकतात हे त्या दौऱ्यात दिसलं आणि दोन वर्षांनी क्रिकेट बोर्ड स्थापन झालं. पण जून १९३२ ला लॉर्ड्सवर आपली पहिली कसोटी झाली तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे. संघात नाहीत. कसोटी खेळायला मिळालीच नाही त्यांना, कधीच. दुसरा माणूस असता तर पॅड गुंडाळून ठेवले असते. या माणसाने त्यानंतर महाराष्ट्राला सलग दोनदा रणजी करंडक जिंकून दिला, १९३९-४० आणि १९४०-४१. कर्णधार म्हणून. दुसऱ्या वर्षी पुण्यात मुंबईविरुद्ध २४६ काढल्या. तेव्हा पन्नाशीला टेकले होते. आणि १९४४ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं, १०५ आणि १४१.

मी : आणि दुसऱ्या दिवशी तास घ्यायला वर्गात.

मामा : असेल. पण मला सांग, ते पंडित होते की प्राध्यापक? पंडित म्हणजे ज्याने विद्येसाठी बाकी सगळं सोडलं तो. देवधरांना जग कशासाठी ओळखतं? फलंदाजीसाठी. संस्कृत ही त्यांची नोकरी होती.

हा प्रश्न मला नवीन नव्हता. संस्कृत शिकवणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी ऐकावा लागतो.

मी : मामा, मी दर जूनला अकरावीच्या वर्गात त्याच जागेवरून सुरुवात करते. तेच शब्द चालवायचे, तेच धातू, तीच रूपं. मुलं नवी असतात, मी जुनी. दरवर्षी ते रूप मला पहिल्यांदा भेटल्यासारखं भेटलं नाही तर पोरांना लगेच कळतं. हे करायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. इतकी वर्षं पहिला चेंडू पहिल्या चेंडूसारखा खेळायचा, ही त्याच जातीची गोष्ट आहे. लोकांनी त्यांना जन्मभर 'प्रोफेसर देवधर' म्हटलं. कॉलेजात म्हटलं आणि मैदानावरही म्हटलं. 'कॅप्टन देवधर' कुणी म्हणत नाही. ती पदवी उगीच चिकटली नाही.

मामा : हे छान बोललीस. पण बोलणं छान असलं म्हणून पटतंच असं नाही.

मी : अजून ऐका. आपण मराठीत मैदानावर 'सराव' म्हणतो आणि घरी 'अभ्यास'. आईबाप ओरडतात, सराव पुरे, अभ्यासाला बस. संस्कृतात दोन्हींना एकच शब्द, अभ्यास. पुन्हा पुन्हा करणं. पतंजलींच्या योगसूत्रांत हा शब्द येतो तो पुस्तकांसाठी नाही, चित्त एका जागी ठरावं म्हणून धरलेल्या चिकाटीसाठी येतो. आणि ते सूत्र मैदानावर कुणी नेलं? आपल्याच नाशिकच्या भीष्मराज बाम सरांनी. पोलीस खात्यातले मोठे अधिकारी. निवृत्तीनंतर त्यांनी खेळाडूंच्या मनावर काम केलं ते योगशास्त्राचा आधार घेऊन. अंजली भागवत, राहुल द्रविड यांच्यासारखे खेळाडू त्यांच्याकडे शिकायला आले. २०१७ मध्ये बाम सर गेले. म्हणजे ग्रंथ आणि मैदान यांचं नातं या गावाला नवीन नाही.

मामा : बामसरांबद्दल मी काय बोलू, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण तू एक गोष्ट गाळतेस. अभ्यासाला वेळ लागतो आणि वेळ विकत घ्यावा लागतो. तो विकत कोण घेऊ शकतं, हे विचार.

मैदानाच्या मधोमध रोलर फिरू लागला होता. खेळपट्टीवरचं दव आटायच्या आत दोन माणसं तो ओढत होती. मामांनी तिकडे बोट केलं.

मामा : देवधर कुठल्या साली जन्मले, सांग.

मी : १८९२.

मामा : त्याच साली, निदान त्या सुमाराला, पुण्यात आणखी एक घटना घडली. बाळू पालवणकर नावाचा एक पोरगा गोऱ्यांच्या पूना क्लबमध्ये कामाला लागला. वय सोळा-सतरा. काम काय? तेच, जे समोर चाललंय. मैदान झाडायचं, रोलर फिरवायचा, नेट बांधायचं. आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपये मिळत, इथे चार. आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. डावखुरी फिरकी. ग्रेग नावाचा मोठा फलंदाज होता, त्याला बाद केलं की आठ आणे बक्षीस, असं सांगतात. पण त्याच्या हातात बॅट कधी दिली नाही. बॅट साहेबांसाठी. आता मला सांग, तुझ्या शब्दकोशात 'व्यावसायिक खेळाडू' कोण? खेळून पोट भरणारा. मग या मुलुखातल्या पहिल्या व्यावसायिक खेळाडूंपैकी एक म्हणजे हा बाळू. देवधर नव्हेत. देवधर हौशी होते, कारण त्यांच्या मागे पगार होता, कॉलेज होतं, घरात शिक्षणाची परंपरा होती. एकाच गावात, एकाच साली, एकजण पाळण्यात आणि एकजण रोलरला जुंपलेला. दोघांनाही क्रिकेट आलं. त्यातल्या एकालाच प्रोफेसर होता आलं.

मी काही बोलले नाही. मामा जे सांगत होते ते मला थोडंफार माहीत होतं. पण ही दोन सालं मी कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती.

मामा : बाळूची जात चांभाराची. पुण्याच्या हिंदू संघाला त्याची गोलंदाजी हवी होती, म्हणून घेतलं. मैदानावर त्याने टाकलेल्या चेंडूला सगळ्यांनी हात लावायचा, पण चहाच्या वेळी त्याने मंडपाबाहेर बसायचं, मातीच्या भांड्यात प्यायचं, जेवणाचं पान वेगळं. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात आठ बळी याचे. १९११ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, सगळ्या सामन्यांत मिळून शंभरावर बळी घेतले. पण हिंदू संघाचं कर्णधारपद? ते नाही.

मी : ते पुढे विठ्ठलना मिळालं. त्यांच्या धाकट्या भावाला.

मामा : १९२३ ला. पण त्याआधी १९२० आहे. ते तुला माहीत असेल तर सांग. नसेल तर मी सांगतो, कारण त्यात आपले देवधर आहेत.

मला ते वाचून माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या सकाळी ते निघू नये असं मला वाटत होतं. पण मामांनी विचारलं होतं, म्हणून मीच सांगितलं.

मी : डिसेंबर १९२०. मुंबईची चौरंगी स्पर्धा. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन. कर्णधार म्हणून एम. डी. पै यांची निवड झाली होती आणि बाळूंना संघातून वगळलं होतं. पहिल्या सामन्याला पै आजारी पडले. संघात विठ्ठल आणि शिवराम हे पालवणकर बंधू होते, दोघेही अनुभवाने ज्येष्ठ. कर्णधारपद देवधरांना दिलं गेलं. दोन्ही भावांनी खेळायला नकार दिला आणि कारण सांगणारं जाहीर पत्रक काढलं. पुढच्या सामन्यात पै परत आले, बाळूंना घेऊन उपकर्णधार केलं, भाऊ परत आले. आणि सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले, बाळूंना नेतृत्व करता यावं म्हणून.

मामा : झालं. मग पै मोठे की देवधर?

मी : हा प्रश्न बरोबर नाही, मामा. देवधर तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे. निवड समितीने नाव दिलं. त्यांनी मागितलं होतं का, त्यांना काय वाटलं, हे आपण ठरवू शकत नाही. पण मी हेही म्हणणार नाही की त्यांचा संबंध नाही. ते पद त्यांच्याकडे आलं, ते ज्या घरात आणि ज्या जातीत जन्मले त्याचा त्यात हात होता. देवधरांची आठवण काढायची आणि हे पान फाडून टाकायचं, हे मला जमणार नाही. मी शिक्षक आहे. पाठातला अवघड परिच्छेद सोडून पुढे जाता येत नाही.

मामा माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे तू म्हणशील असं वाटलं नव्हतं."

१९२३ मध्ये विठ्ठल यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी चौरंगी जिंकली आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. त्यानंतर सात वर्षांनी, २ मार्च १९३० ला, इथून दोन-तीन मैलांवर पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारासमोर दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि दार बंदच राहिलं. क्रिकेटच्या मैदानावर एक दार उघडलं म्हणून गावातली बाकीची दारं उघडली नव्हती. नाशिककराला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. रोज त्या रस्त्याने जावं लागतं.

मी : पण मामा, तुमच्या मांडणीत एक चूक आहे.

मामा : सांग की.

मी : तुम्ही म्हणता, एकालाच प्रोफेसर होता आलं, म्हणजे एकालाच विद्वान होता आलं. विठ्ठल पालवणकरांनी १९४८ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. 'माझे क्रीडा-जीवन'. मराठीत. मातीचं भांडं, वेगळं पान, पूना क्लबातली नोकरी, हे सगळं आज आपण जे बोलतोय, त्यातलं पुष्कळसं त्या पुस्तकामुळे जगाला कळलं. रामचंद्र गुहांनी भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास लिहिला तेव्हा पालवणकरांवरची प्रकरणं लिहायला त्यांना हा मोठा आधार झाला. ते पुस्तक नसतं तर बाळू हे धावफलकावरचं एक नाव राहिलं असतं. आता मला सांगा, विद्वान कोण? ज्याच्यामुळे आपल्याला आधी माहीत नव्हतं ते माहीत झालं, तो. देवधरांनीही लिहिलं. भारतीय क्रिकेटच्या वाटचालीवर लिहिलं, आत्मकथा लिहिली. पण रोलर ओढणाऱ्या घरातल्या माणसाने खेळ संपल्यावर लेखणी उचलली, ही मला जास्त मोठी गोष्ट वाटते. तुम्ही ज्या पोराला हॉल तिकीट न घेता राहू दिलंत, त्याची गोष्ट पुढे कोण लिहिणार?

मामांनी बॅट पुन्हा उचलली. ग्रिपचं वरचं टोक दुमडून त्यावर चिकटपट्टी गुंडाळायला लागले. हात चालू असले की त्यांना नीट ऐकू येतं, असं आई म्हणायची.

मामा : हे मला सुचलं नव्हतं. विठ्ठलचं पुस्तक आहे हे माहीत होतं, पण त्याला विद्या म्हणावं असं वाटलं नव्हतं.

मी : आपण सगळे विद्या म्हणजे पदवी समजतो म्हणून.

मामा : ठीक. पण आता आजच्या काळाचं बोल. तेव्हा वर्षाला मोजके सामने असायचे. प्रोफेसर सुट्टी काढून खेळू शकत होते. आज पोरगं वर्षातले दहा महिने मैदानावर. व्यावसायिक खेळात दोन दगडांवर पाय ठेवणारा आजच्या जगात दाखव.

मी : अमेरिकेत फ्रँक रायन नावाचा फुटबॉलपटू होता, त्यांचं ते अंगावर धावून जायचं फुटबॉल. क्लीव्हलंडच्या संघाला त्याने १९६४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं आणि दुसऱ्या वर्षी गणितात डॉक्टरेट घेतली. खेळत असतानाच. आणि आत्ताचा बघायचा तर जॉन अर्शेल. बाल्टिमोरकडून खेळायचा, अंगापिंडाने धिप्पाड. खेळता खेळता एमआयटीत गणिताचं संशोधन करत होता. २०१५ मध्ये सरावात डोक्याला मार लागला आणि काही काळ वरच्या दर्जाचं गणित त्याला जमेना. २०१७ मध्ये सव्विसाव्या वर्षी खेळ सोडला. पुढे डॉक्टरेट झाली, आता तो तिथेच शिकवतो.

मामा : बघ, तूच सांगितलंस. त्याला सोडावं लागलं.

मी : सोडता आलं, मामा. लागलं नाही, आलं. सोडून जायला त्याच्याकडे दुसरं घर होतं. तुमच्या पोराच्या खांद्याला उद्या काही झालं तर तो कुठे जाणार?

हे मला बोलायचं नव्हतं. कुठल्याही प्रशिक्षकासमोर खांद्याचं नाव काढू नये. मामांचा स्वतःचा खांदा एकविसाव्या वर्षी गेला होता. पुढची चार वर्षं त्यांनी काय काढलं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

मामा : (बऱ्याच वेळाने) अमेरिकेत खेळ विद्यापीठातूनच वर येतो. आपल्याकडे कुठून येतो? कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्याची. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. दत्तू भोकनळ चांदवडच्या तळेगाव रोहीचा, विहिरी खोदायचं काम केलेला. सैन्यात गेला म्हणून नौकानयन कळलं, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला गेला. आपल्या जिल्ह्याचे खेळाडू हे असे येतात. पाड्यावरून, विहिरीतून. त्यांच्यासमोर देवधरांचा आदर्श ठेवायचा म्हणजे ज्याच्याकडे जिना नाही त्याला माडी दाखवायची.

मी : मग जिना बांधायचा. माडी पाडायची नाही. खेळाडूंना बोर्ड सवलतीचे वाढीव गुण देतं, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी आरक्षण आहे. पण त्या नोकरीच्या अर्जावर पहिला रकाना शिक्षणाचा असतो. बारावी नापास लिहिलेल्याला पदक असूनही किती दारं बंद होतात, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय.

मामा गप्प राहिले. रोलर थांबला होता. ओढणाऱ्यांपैकी एकजण दांडीवर बसून हात चोळत होता.

मी : आणि देवधरांच्या माडीबद्दल एक सांगते. ती माडी त्यांनी फक्त स्वतःसाठी ठेवली नाही. त्यांच्या मुली, तारा, सुंदर आणि सुमन. १९४० च्या दशकात तिघी बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या होत्या. त्या काळातला पुण्याचा संस्कृतचा प्राध्यापक मुलींना रॅकेट घेऊन गावोगावच्या स्पर्धांना जाऊ देतो, ही साधी गोष्ट नाही. १९२० चं पान आहे तसंच हेही पान आहे. त्यांच्या नावाचा करंडक सुरू झाला, टपाल तिकीट निघालं, १९९१ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९९३ मध्ये एकशे एक वर्षांचे होऊन गेले, हे सगळे सांगतात. मला त्या तीन मुलींचा बाप आठवतो.

मामांनी चिकटपट्टी दाताने तोडली.

मामा : तुझी आई खो-खो खेळायची, माहीत आहे तुला?

मी : थोडंसं.

मामा : थोडंसं नव्हे. खुंटाजवळ अशी वळायची की पाठलाग करणारी मुलगी दोन पावलं पुढे निघून जायची. मॅट्रिक झाली आणि आमच्या वडिलांनी बंद केलं. मला मात्र खेळू दिलं. मी तेव्हा एक शब्द बोललो नाही. मलाही कर्णधारपद असंच मिळालं म्हणायचं.

आईने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. ती जाऊन सहा वर्षं झाली. मी कट्ट्यावर मामांच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघं बराच वेळ नेटकडे पाहत राहिलो.

मामा : देवधर मला कशासाठी आवडतात, ते मी कधी कुणाला बोललो नाही. शतकांसाठी नाही. कसोटी चुकली तरी ते थांबले नाहीत, म्हणून आवडतात. माझा खांदा गेला तेव्हा मला वाटलं, सगळं संपलं. माझ्याकडे वर्ग नव्हता ना परत जायला. त्यांच्याकडे होता. सोमवारी सकाळी समोर चाळीस मुलं बसलेली असायची, त्यांना चाळिसाव्या वर्षी कसोटी मिळाली नाही याचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या वर्गाने त्यांना सावरलं असणार. मी हे सिद्ध करू शकत नाही. पण मला तसं वाटतं.

मी : मग त्या पोराला वर्ग का नाकारता?

मामा : नाकारत नाही. घाबरतो. दोन्हीकडे अर्धवट राहील म्हणून घाबरतो.

मी : देवधरांबद्दलही अशी भीती कुणाला वाटली नसेल का? बाळूंना तर दोन्हींपैकी निवडायची मुभाच नव्हती. या पोराला आहे. ती तुम्ही आणि मी मिळून काढून घ्यायची नाही.

मामांनी पोराला हाक मारली. तो नेटमधून पळत आला. उंच, अंगाने काटकुळा, उजव्या हाताच्या मनगटाला लाल दोरा. मामांनी त्याच्या हातात बॅट दिली. ती त्याचीच होती. त्याने नव्या ग्रिपवर मूठ आवळून पाहिली.

"नेटमध्ये आधी फलंदाजी कर आज," मामा म्हणाले. "पंधरा मिनिटं. मग चेंडू घे."

तो चकित झाला. गोलंदाजांना मामा सकाळच्या नेटमध्ये बॅट देत नाहीत, हा त्यांचा जुना नियम आहे.

"आणि हॉल तिकीट?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बुधवारी घेऊन ये. मला दाखवायचं. ज्या दिवशी पेपर आणि सामना एकत्र येईल, त्या दिवशी पेपर. संघाच्या लोकांशी मी बोलेन."

मी त्याला सांगितलं की संस्कृतचा राहिलेला भाग मी रविवारी इथेच कट्ट्यावर घेईन, एक तास. मामा म्हणाले, दीड तास घे, आणि शेवटी अर्धा तास विठ्ठल पालवणकरांची आणि देवधरांची गोष्ट सांग, दोघांची. १९२० सकट.

नेटच्या खांबाला एक लहान फळा टांगलेला असतो, त्यावर सरावाच्या वेळा लिहिलेल्या असतात. मामांनी सकाळची वेळ हाताने पुसली आणि खडूने लिहिलं : बारावीच्या मुलांसाठी परीक्षा संपेपर्यंत नेट संध्याकाळी पाच वाजता.

बुधवारी तो हॉल तिकीट घेऊन गेला.